खटका उडाला, एवढंच म्हटलं होतं

९ जुलै, बुधवार

भांडण झालं असं मी म्हटलंच नव्हतं. खटका उडाला म्हटलं होतं. त्या चष्मेवालीनं पोलिसाला तमिळमध्ये "सण्डै" सांगितलं, म्हणजे भांडण. त्यानं तेच लिहिलं आणि मी खाली सही ठोकली. अठ्ठावीस वर्षं या मद्रासेत काढून मला भाजीबाजारापुरतं तमिळ येतं, वाचायचं तर एक अक्षर नाही. माझ्या तोंडचा शब्द दुसरीनं चावून थुंकला आणि एक पोरगी लॉकपमध्ये जाऊन बसली.

श्री. वर लिहायचं राहिलं. खाली लिहिलं तरी देवाला दिसतं.

काल झालं ते असं. नात मंदा, माझ्या बाळूची थोरली, श्रीपेरुंबुदूरला पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर असते. सकाळची पाळी. साडेनवाला प्रेस उजव्या हातावर पडली. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहे. बोटं प्लास्टिकच्या पिशवीतून आणली होती. डॉक्टरनं पिशवी उघडली, बघितली, परत गाठ मारली. शिवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाळू बाहेर जाऊन ओकला. आवडी गावच्या सरकारी कारखान्यात रणगाड्याचे भाग घासतो हा, आणि ओकतो.

मं. दवाखान्याच्या ढकलगाडीवर पडलेली. मला बघून एवढंच म्हणाली, "आज्जे, खटका उडाला." मग सुईनं झोपली. हवालदार आला, काय झालं म्हणाला. जे ऐकलं ते सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची बहीण, ती चष्मेवाली कमलाबाई, तंजावरकडची मराठी, रिटायर मास्तरीण. ती म्हणाली, मी सांगतें त्याला. सांगितलं.

संध्याकाळी बाळूनं कागद वाचला. "आई, यात लिहिलंय दोघींचं भांडण झालं आणि सेल्वीनं प्रेस पाडली."

सेल्वी म्हणजे प्रेसवर मं.च्या समोर उभी राहते ती. हॉस्टेलातून उचलली तिला.

१० जुलै

आमच्याकडं इचलकरंजीत दिव्याचं बटण म्हणजे खटका. दाराचा खटका, छत्रीचा खटका, उंदराच्या सापळ्याचा खटका, बंदुकीचा खटका. फाशी देतात तिथंही खटकाच ओढतात. मी चौथी शिकलेली. एकाच शब्दात भागत असेल तर दुसरा कशाला पाठ करू?

माझ्या मागालाही खटका होता. आडवं सूत नेणारा धोटा मध्येच अडकला की माग जागच्या जागी थांबायचा. थांबला की कापड कमी निघतं म्हणून मालकानं तो तारेनं बांधून टाकला. त्याच महिन्यात शेजारच्या शांतीच्या डोळ्यात धोटा शिरला. डोळा गालावर आला होता. मालक म्हणाला, तिनं वाकायला नको होतं.

मं.च्या प्रेसचंही तेच. तिनंच मागं सांगितलेलं. एक पत्रा आत सारते, दुसरी काढते. दोघींच्या पुढ्यात एकेक खटका. दोन्ही दाबले तरच वरचा ठोकळा पडतो, म्हणजे दोघींचे हात बाहेर. पण माल कमी निघतो. म्हणून मं.चा खटका चिकटपट्टी लावून दाबूनच ठेवलेला असतो. उरला सेल्वीचा.

मग परवा काय झालं? खटका आपोआप उडाला, की सेल्वीनं न बघता दाबला, की बघून दाबला? मं. डोळे उघडते, छताकडं बघते, मिटते. बोलत नाही.

११ जुलै, शुक्रवार

आज मार खाल्ला. दिलाही.

सेल्वीची आई आली. मद्रासेजवळच्या कोवलमला मासे विकते. पहाटेच्या बसनं निघून, बस बदलत, आली. वॉर्डात शिरली आणि विचारत सुटली, सही करणारी म्हातारी कोणती? मी म्हटलं, मी. ती पुढचं बोललीच नाही, कानशिलात दिली. माझा चष्मा खाटेखाली. मी तिच्या झिंज्या धरल्या आणि खाली ओढली. ती माझ्या दंडाला चावली. दात उमटलेत, आता लिहिताना ठणकतंय. नर्सनं दोघींना कोपऱ्यात ढकललं, तशा धापा टाकत बसलो, एकमेकींच्या अंगाचा वास घेत. तिला माशांचा, मला बामाचा.

मग तिनं मोबाइल काढून फोटो दाखवला. सेल्वीचे तळपाय. सुजून पावासारखे झालेले, काळेनिळे. ओठ फाटलेला. पोलिसांनी मारलेलं, दोन दिवस, भांडण झालं असं कबूल कर म्हणून.

"एन पोण्णु," म्हणाली. माझी पोर. एवढं तमिळ मला येतं.

मी मं.कडं बोट दाखवून म्हटलं, ही पण एन पोण्णु. ती उठली, मं.च्या पट्ट्या बांधलेल्या हाताकडं बघितलं आणि दारात थुंकून गेली. कोणावर थुंकली, कळलं नाही.

१२ जुलै

बाळू म्हणतो, आई, गप बस, आपल्याला कोर्टकचेरी झेपत नाही.

जन्मल्यापासून काही झेपलं नाही त्याला.

हे आता लिहूनच टाकते. जूनमध्ये कंपनीच्या बसमध्ये खिडकीवरून दोघींचं जुंपलं होतं. सेल्वीनं मं.ची वेणी धरून डोकं दांड्यावर आपटलं. दुसऱ्या दिवशी मं.नं तिच्या मांडीत सेफ्टी पिन खुपसली. रक्त आलं. पिन मीच दिली होती. "मोठी घे, छोटी वाकते," असंही म्हटलं होतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसले होते. बाळूला माहीत नाही.

म्हणजे त्यांचे खटके उडत होते. आता हा शब्द कुठं ठेवू?

१३ जुलै, रविवार

कमलाबाईला जिन्यात गाठली. म्हटलं, तू मास्तरीण, आणि पोरीला फासावर चढवलीस.

ती घाबरली नाही. "अहो, ओरडतां कायला? आमच्या घरीं खटका म्हणजे नवरा-बायकोचा. आजोबा रागावले, आजीला लागलं, म्हणजे खटका उडाला. मशीनच्या बटणाला आम्हीं स्विच म्हणतों. मला काय ठाऊक?"

हात उगारला होता, तो तिथंच राहिला. खोटं काय बोलली ती? माझा नवरा मारायचा तेव्हा सकाळी नळावर बायका म्हणायच्या, "रात्री खटका उडाला वाटतं." दोन दात पडले, त्याला खटका. कानातून रक्त आलं, त्यालाही खटका. डॉक्टरला मीही तेच सांगायचे, किरकोळ खटका उडाला. नवरा मेला त्या दिवशी मी दोन वेळा जेवले.

शब्द इतका बारका की त्याखाली माणूस मारून झाकता येतो.

क.बाईला म्हटलं, "पोलिसाकडं चल, चुकलं म्हणून सांग."

"सांगेन. पण तो विचारील, मग खरा अर्थ कोणता? तो सांगा मला आधीं."



१५ जुलै, मंगळवार

कारखान्याचा सुपरवायझर आला. सफरचंदं घेऊन. मं. उशीला टेकून बसली होती. त्यानं हिंदी लावलं, गोड. म्हणाला, चौकशीत भांडणच राहू दे, म्हणजे मशीन ठीक होती असं होतं. मंदाला ऑफिसात बसून काम देऊ, कायमचं. डाव्या हातानं शिक्के मारायचे. प्रेस नको, उभं राहणं नको.

मी विचारलं, "पट्टी कोणी लावली होती रे?"

"कौनसी पट्टी, अम्मा?"

पहिलं सफरचंद त्याच्या नाकावर बसलं. दुसरं दातांवर. रक्त आलं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तिसरं उचललं तर मं. म्हणाली, "आज्जे, पुरे." सात दिवसांतले पहिले शब्द. ते कोणासाठी? त्याच्यासाठी.

तो गेल्यावर तिच्या तोंडाशी तोंड नेलं. "मंदे, कुठला खटका? मशीनचा का सेल्वीचा?"

भिंतीकडं वळली.

"तुला त्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसायचंय?"

"हाताला तीन बोटं नाहीत माझ्या," म्हणाली, भिंतीलाच. "तू बस प्रेसवर."

मी तिला मारलं. पाठीत, बुक्की. आजारी पोरीला. नर्सनं मला बाहेर काढलं, संध्याकाळपर्यंत आत घेतलं नाही. बरोबर केलं नर्सनं.

१७ जुलै

उद्या अकराला चौकशीचे साहेब इथं दवाखान्यात येणार, सरकारी, कारखाने तपासणारे. पोलिसही असेल. सेल्वीला अजून सोडलेलं नाही. बाळू कुठून कुठून ऐकून आला, भांडण कायम राहिलं तर तिच्यावर हात तोडल्याचा खटला लागणार, वर्षांच्या वर्षं आत. मशीन ठरली तर सुटेल. मग मं.ची खुर्ची गेली.

दुपारी बाळू म्हणाला, "आई, तूच सांग ना, खटका म्हणजे मशीनचा. तुझा शब्द, तुझी सही. तू म्हणशील तो अर्थ." संध्याकाळी त्याची बायको म्हणाली, भांडणच राहू दे, पोरीचं लग्न व्हायचंय. दोघं एकाच ताटातलं खातात.

मी सांगू शकते. मला चांगलं सांगता येतं. मशीन म्हटलं तर कोवलमची पोर सुटते, भांडण म्हटलं तर आमची खुर्चीवर बसते. दोन्हीला माझी जीभ पुरेल. पण तिथं मी नव्हते. मी बघितलं नाही. एकदा ऐकलेलं सांगितलं, तर एकीचे तळपाय फुटले.

एक मला खटकतं. मं.नं त्या दिवशी सेल्वीचं नाव घेतलं नव्हतं. मशीनचंही घेतलं नव्हतं.

१८ जुलै, शुक्रवार, सकाळ

मं.ची वेणी घातली. डोक्यात बसमधलं टेंगूळ होतं ते बसलंय. वेणी ओढली, ओरडली नाही. म्हणाली, "आज्जे, तूच बोल. तू बोललीस की लोक ऐकतात." मी म्हटलं, त्याचीच शिक्षा चाललीय. मग म्हणाली, "मी काही सांगितलं तर तू मला मारशील?"

म्हणजे सांगण्यासारखं आहे.

मी कंगवा धुतला. तिला कॉफी पाजली, कप डाव्या हातात धरायला लावला, सांडली तरी.

बाहेर सेल्वीची आई येऊन बसलीय. माझ्याकडं बघत नाही. मीही नाही.

साडेदहा. आता लिहून ठेवते आणि वाचून दाखवते सगळ्यांना, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. बाळूनं वॉर्डाबाहेर उभं राहायचं. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावायचा आणि तो काढायचा नाही. क.बाईनं पोरीच्या शब्दाला तमिळ शब्द द्यायचा, आपल्या घरचा अर्थ घालायचा नाही, अडलं तर पोरीलाच परत विचारायचं. मला साहेबांनी काही विचारलं तर मी बहिरी. उत्तर मंदीनं द्यायचं. रडली तर थांबायचं, पाणी द्यायचं, पण दुसऱ्या कोणी द्यायचं नाही. तिनंच.