पंधरा तारखेच्या आधी

दिंडोरी, १ डिसेंबर २०२४

ती. स्व. गोटीराममामांस,
दिनेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून भाजीच्या टेम्पोवाल्याबरोबर बंद पाकीट पाठवतोय. मामीला दाखवू नका.

पंधरा तारखेचं लग्न मोडा. राखीच्या वडिलांना सांगा, मुलगा आजारी आहे. खोटं नाही ते. वर्षभर मी मोबाइलवर नको ते व्हिडिओ बघतोय. त्यातले पुरुष बघून आपण फारच कमी आहोत असं मनाने घेतलं. द्राक्षाचे मणी फुगायला आम्ही घड ज्या जीए पावडरीच्या पाण्यात बुडवतो, तीच पावडर तेलात कालवून आठवडाभर नको तिथे चोळली. आता कातडी सोलवटली आहे, पू येतोय. कामावर सांगितलंय, पाय मुरगळलाय. मी लग्नाच्या लायकीचा राहिलो नाही, मामा.

लोभ असू द्यावा, निदान हसू तरी नका.
आपला,
दिनेश

पंचवटी, २ डिसेंबर

चि. दिनेश यास अनेक आशीर्वाद, आणि भेटल्यावर एक कानाखाली.

तीस वर्षं दवाखान्यात ड्रेसिंग केलं. असले घाबरलेले पुष्कळ पाहिले, पण द्राक्षाचं औषध लावणारा तूच पहिला. याच टेम्पोत बसून ये, आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे मीच नेतो. जखमेवर हळद, मलम काही लावू नकोस. पू आलाय म्हणजे थांबायचं नाही. उशीर केलास तर ज्याला भितोस तेच होईल.

प्रदर्शनात मांडलेला घड बघून कुणी आपली बाग उपटतं का रे?

लग्न मी मोडणार नाही. राखी पेठला पत्रिका वाटतेय आणि मी तिच्या बापाशी खोटं बोलू? मोडायचंच तर तिला खरं सांगून तूच मोड.

मामीलाही पायाचंच सांगितलंय. लंगडत ये.
तुझा मामा,
गोटीराम

दिंडोरी, १० डिसेंबर

ती. स्व. मामांस,
शि. सा. न.

जखम सुकतेय. मुळात माझ्यात काहीच कमी नव्हतं, हे डॉक्टरांचं वाक्य मी मनात रोज घोकतो.

काल पेठला जाऊन राखीला सगळं सांगितलं. ती हसेल किंवा उठून जाईल असं वाटलं होतं. ती रडायलाच लागली. म्हणाली, मैत्रिणीने तसलेच व्हिडिओ तिलाही दाखवले होते, नवरा असंच वागतो म्हणून. तेव्हापासून तिला जेवण जात नव्हतं, तीच नकार कळवणार होती.

मग तिने विचारलं, मी नको म्हटलं तर तुम्ही थांबाल का. वर्षभरात पाहिलेल्या एकाही व्हिडिओत हे कुणी विचारलेलं मला आठवेना. मी थांबेन म्हणालो, मामा. तिने डोळे पुसले आणि पत्रिकांचा गठ्ठा पुन्हा हातात घेतला.

मामींसह दोन दिवस आधीच या. माया आहे तशीच राहू द्या.
आपला,
दिनेश