शेवंती घोडीला म्हशीच्या नोंदीतून मोकळे करणेबाबत

दिनांक : १७ ऑक्टोबर २०११

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
डोंगरी चारा विकास प्रकल्प,
पनवेल, जि. रायगड

अर्जदार : श्रीमती गुणाबाई काशिराम झोरे, वय ५४, धंदा म्हशी पाळणे व लग्नाच्या वरातीस घोडी देणे, रा. करंबेळवाडी, ता. पनवेल

विषय : अर्जदाराची घोडी आपल्या दप्तरी म्हैस म्हणून नोंदली गेली आहे, ती पुन्हा घोडी करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार दि. ३० मे २०११. २) तीस आपले उत्तर दि. १२ जुलै २०११. ३) आपली नोटीस दि. ५ सप्टेंबर २०११. ४) आपले अभिनंदनाचे पत्र दि. १० ऑक्टोबर २०११.

महोदय,

अर्जदार गुणाबाई यांना सहीपुरतेच लिहिता येते. त्या सांगत आहेत आणि दुसरा इसम लिहीत आहे. जेथे त्यांचे शब्द जसेच्या तसे देणे भाग होते तेथे दिले आहेत. काही शब्द सरकारी कागदावर शोभणारे नव्हते, ते लिहिणाऱ्याने गाळले आहेत. गाळल्याचे त्यांना कळले आहे आणि ते त्यांना मान्य नाही.

१. करंबेळवाडी शेवटच्या एसटी थांब्यापासून तासाभराच्या चढावर आहे. तेथे गुणाबाईंकडे दोन म्हशी आणि शेवंती नावाची एक पांढरी घोडी आहे. त्यांचे यजमान काशिराम यांनी माथेरानला पर्यटकांना घोड्यावर फिरवण्यात जन्म काढला. शेवंती त्यांनी शिंगरू असताना आणली. सहा वर्षांपूर्वी ते वारले. तेव्हापासून लग्नसराईत गुणाबाई स्वतः लगाम धरून शेवंतीला पनवेल, कळंबोलीपर्यंत वरातीला नेतात. पहिल्या वर्षी एका वरबापाने हरकत घेतली, की बाई कशी लगाम धरणार. त्यावर गुणाबाई म्हणाल्या, "उद्यापासना तुमच्या पोराचा लगाम कोन धरनार हाय? बाईच ना?" पुढे कोणी हरकत घेतली नाही.

२. होळीनंतर डोंगर करपतो. गवताची काडी राहत नाही. मग गुणाबाई धामणीच्या, उंबराच्या पानांसकट फांद्या तोडून भारे डोक्यावरून आणतात आणि जनावरे जगवतात. जून २०१० मध्ये आपल्या प्रकल्पाचे पशुधन पर्यवेक्षक श्री. जगन घरत हे सुबाभळीची तीनशे रोपे घेऊन वाडीत चढले. घराजवळ चारा उगवेल, बायामाणसांची डोक्यावरची ओझी उतरतील, असे त्यांनी समजावले आणि ते गुणाबाईंना पटले. परंतु रोपांसाठी तीन दुभती मोठी जनावरे असण्याची अट होती. घरत यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. नंतर ते शेवंतीकडे पाहत राहिले.

"वहिनी, फॉर्मात घोडीला रकानाच नाय."

"मंग?"

"तिसरी म्हैस लिहितो. जनावर चारा खातं, फॉर्म नाय खात."

गुणाबाईंना हे बोलणे शहाणपणाचे वाटले. घरत यांनाही वाटले. दोघांनी ताक प्यायले आणि शेवंती म्हैस झाली. यात कोणाची लबाडी नव्हती. एकाला रोपे द्यायची होती आणि दुसरीला हवी होती, एवढेच.

३. रोपे पावसात तरारली आणि मार्चपर्यंत माणसाच्या डोक्यावर गेली. सोबतच्या माहितीपत्रकावर एका हसऱ्या म्हशीचे चित्र होते आणि खाली छापले होते की, 'आपल्या लाडक्या जनावरांस सुबाभळीचा पाला हवा तेवढा खाऊ घाला.' म्हशींनी खाल्ला. दोघींचे दूध वाढले, हे गुणाबाई नाकारीत नाहीत. परंतु त्यांची सर्वांत लाडकी शेवंती. म्हणून कोवळे शेंडे खुडून त्या तिला वेगळे द्यायच्या. महिनाभराने खरारा करताना मक्याच्या कणसाचे केस यावेत तशी शेपटी हातात येऊ लागली. मागोमाग आयाळ. एप्रिलच्या मध्यापर्यंत शेपटीच्या जागी सोललेल्या उसासारखा दांडा तेवढा उरला. शेवंती माशा हाकलायला तो दांडा हलवी आणि माशा जागच्या हलत नसत.

गुणाबाईंनी पनवेलच्या खासगी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी गव्हाणीत पाहिले आणि सांगितले की सुबाभळीत एक विष असते. गाई, म्हशी, शेळ्या रवंथ करतात, त्यांच्या पोटात ते बेताने जिरते. घोडे रवंथ करीत नाही, त्याचे केस झडतात. पाला आजच बंद करा, सहा-आठ महिन्यांत केस येतील.

"घोड्याला देऊ नये एवढं वाचलं नाही का कुठं?" डॉक्टरांनी विचारले.

"लिवलंय कुटं, ते वाचायला?" गुणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी शेवंतीच्या पाठीवर हात ठेवला. "मानसाला टक्कल पडलं त टोपी हाय. हिला काय घालू मी?"

४. १४ मे रोजी कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एका व्यापाऱ्याच्या मुलाची, चि. प्रितम याची, वरात ठरलेली होती. सुपारी जानेवारीत घेतलेली. दिलेला शब्द मोडण्याची झोऱ्यांच्या घरात रीत नाही. गुणाबाईंची सून कोमल खारघरला ब्यूटी पार्लरात कामाला आहे. तिने तोड काढली. पार्लरातून ती लांबलचक गंगावन घेऊन आली आणि शेवंतीच्या दांड्याला पीळ घालून, चिकटवून, रिबिनीने बांधून तिने शेपटी उभी केली. मानेवर मोगऱ्याच्या माळांची जाळी सोडली. गंगावन काळे होते आणि त्यात लालसर झाक होती. पांढऱ्या घोडीला काळी-लाल शेपटी पाहून वरातीतील बायका थबकल्या. दोघीतिघींनी कोमलला पार्लरचा पत्ता विचारला.

तासभर सर्व सुरळीत चालले. मग नवरदेवाचे मामा नाचत नाचत मागे आले. त्यांनी काय घेतले होते ते अर्जदाराने सांगितले आहे, परंतु तो या अर्जाचा विषय नाही. तोल जाताना त्यांनी आधाराला शेपटी धरली आणि ती सगळी त्यांच्या हातात आली. आपण मुक्या जनावराची शेपटी उपटली असे वाटून मामा ते गंगावन छातीशी धरून रस्त्यात बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. बँड थांबला. शेवंतीने लोकांना दांडा हलवून दाखवला. नवरदेवाच्या आजीने हा अपशकुन आहे असे जाहीर केले आणि नवरदेव खाली उतरून मांडवापर्यंत चालत गेला. जाताना त्याने शेवंतीच्या मानेवर थोपटले, एवढे त्याच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे आहे.

गुणाबाईंनी डोक्याला बांधायचा टॉवेल दांड्याला गुंडाळला आणि हमरस्त्याच्या कडेकडेने शेवंतीला घरी आणले. कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केले होते. ते दोन दिवसांत पनवेलभर फिरले. उरलेली चारही लग्ने मोडली. म्हणजे लग्ने लागली, शेवंतीवाचून लागली. घोडीला महारोग आहे, असे लोक बोलू लागले. दीर बळीराम यांनी ती विकून टाकण्याचा सल्ला दिला. गुणाबाईंनी त्यांना दिलेले उत्तर गाळले आहे.

५. घोडीला रोग नाही, केस पाल्याने गेले, असा कागद द्यावा म्हणून गुणाबाईंनी ३० मे रोजी तक्रार केली. सहा आठवड्यांनी आपले उत्तर आले. ते असे : 'आपल्या नावे तीन म्हशी नोंद असून घोडा अगर घोडी नोंद नाही. म्हशीस आयाळ नसते. सबब आयाळ गळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' कोमलने ते मोठ्याने वाचले. गुणाबाईंनी पुन्हा वाचायला लावले. मग त्या गोठ्यात गेल्या, शेवंतीकडे नीट पाहून आल्या आणि म्हणाल्या, "मी येडी असेन. पन ती त घोडीच हाय."

६. ऑगस्टमध्ये आपल्या प्रकल्पाकडून कृत्रिम रेतनाचे तंत्रज्ञ वाडीत आले. त्यांच्या यादीत 'म्हैस क्र. ३' होती आणि तिला जातिवंत रेड्याचे बीज देण्याचा हुकूम होता. ते सामान घेऊन शेवंतीच्या मागे उभे राहिले. मग पुढे येऊन उभे राहिले. नंतर त्यांनी यादी पुन्हा वाचली.

"मावशी, ही म्हैस?"

"तुमच्या सायबाला इचारा. मला त घोडी दिसते."

तंत्रज्ञ जरा वेळ दगडावर बसले. यादी पुरी करून देणे त्यांना भाग होते. शेवटी त्यांनी 'जनावर माजावर नाही' असा शेरा मारला आणि तो खोटाही नव्हता. त्या वेळी गुणाबाई रेड्याविषयी, यादीविषयी आणि आपल्या कार्यालयाविषयी जे बोलल्या, ते चार ओळी होते, गाळले आहे. त्यावरून ५ सप्टेंबरची नोटीस आली, की अर्जदाराने शासकीय कामात सहकार्य केले नाही, सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा असा की, अर्जदार सहकार्याला तयार होती. शेवंती नव्हती.

७. आणि आता १० ऑक्टोबरचे अभिनंदनाचे पत्र. आपण कळवता की गुणाबाई झोरे यांची 'आदर्श चारा उत्पादक' म्हणून निवड झाली आहे. येत्या २९ तारखेला पनवेलच्या सभागृहात पाहुण्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ आहे, आणि त्यांनी 'आपल्या तिन्ही म्हशी शिंगे रंगवून, झूल घालून' सकाळी दहा वाजता आणाव्यात. सोबतच्या तक्त्यात क्र. ३ च्या म्हशीचे रोजचे दूध साडेसहा लिटर दाखवले आहे. ते कोणी काढले हे कळल्यास गुणाबाई त्याला भेटू इच्छितात.

८. हे पत्र घेऊन पर्यवेक्षक श्री. जगन घरत परवा शनिवारी दुपारी स्वतः वाडीत चढले. पत्र शिपायाकडेही देता आले असते. ते अंगणात बसले. शेवंती समोर होती. पाला बंद केल्यापासून तिला वीतभर शेपटी आली आहे आणि मानेवर ब्रशासारखे आखूड केस उभे आहेत. घरत यांनी तिला तशी पहिल्यांदाच पाहिली. पत्र वाचून दाखवताना शिंगांपाशी आल्यावर ते थांबले आणि पुढे त्यांना वाचता येईना. गुणाबाईंना वाटले ते हसतायत, म्हणून त्याही हसल्या. मग त्यांच्या लक्षात आले की ते हसत नाहीत.

"वहिनी, हे मी केलंय," घरत म्हणाले. "जुलैचं उत्तरही माझ्याच हातानं टाइप झालं. वरून आलं तसं टाइप केलं. मला माहीत होतं ती घोडी हाय. तोंड उघडलं नाय."

"का?"

"एकतीस तारखेला रिटायर होतोय. पेन्शनचा कागद सायबांच्या टेबलावर हाय."

गुणाबाई उठल्या आणि म्हशींना पाला टाकून आल्या. शेवंतीला धामणीची फांदी दिली. परत आल्यावर म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ द्या. पेन्शन झाली का मंग लिवू अर्ज. पन शेवंतीला मी शिंगं लावून आननार नाय."

तेव्हा घरत यांनी पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हणाले, "तुमी सांगा. मी आताच लिहितो." तो कागद हाच आहे, आज पुरा झाला. साहेब, हा अर्ज लिहिणारा मीच.

९. तरी अर्जदाराचे मागणे असे : शेवंतीची म्हैस म्हणून असलेली नोंद रद्द करून ती घोडी आहे असे लेखी द्यावे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्याआधी मिळाल्यास उपकार होतील. केस पाल्यामुळे गेले, रोगामुळे नाही, हेही त्यात यावे. माहितीपत्रकातील हसऱ्या म्हशीखाली 'घोडा, गाढव, खेचर यांना देऊ नये, इतरांनाही नुसता हाच पाला देऊ नये' असे छापावे. जागा कमी पडल्यास म्हैस लहान करावी. सुबाभळी काढून नेऊ नयेत. दोन म्हशींना त्या मानवल्या आहेत, आणि यंदा गुणाबाईंच्या डोक्यावरचे निम्मे भारे कमी झाले आहेत. आदर्श उत्पादकाची शाल दुसऱ्या कोणास द्यावी. नारळ दिल्यास त्या घेतील.

श्री. घरत यांच्यावर कारवाई करू नये, हे शेवटचे मागणे अर्जदाराचे आहे, लिहिणाऱ्याचे नाही. लिहिणाऱ्याने ते लिहिण्यास नकार दिला होता. त्यावर अर्जदाराने सही करण्यास नकार दिला. म्हणून लिहिले आहे. दुसऱ्या परिच्छेदाशेवटी 'ही पर्यवेक्षकाची चूक होती' असे वाक्य मी घातले होते. गुणाबाईंनी ते वाचून घेतले, खोडायला लावले आणि त्याजागी 'यात कोणाची लबाडी नव्हती' असे लिहवून घेतले. परंतु ती चूक होती, आणि जुलैत गप्प राहिलो ती त्याहून मोठी होती. हे वाक्य मी गुणाबाई म्हशींची धार काढायला गेल्या असताना लिहीत आहे.

सर्व मजकूर (वरील दोन ओळी सोडून) वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणाल्या, सही केली.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही) गुणाबाई काशिराम झोरे

लिहिणार,
(सही) जगन घरत
पशुधन पर्यवेक्षक,
आपल्याच कार्यालयात, साहेबांच्या दारासमोरचे टेबल

सोबत : १) संदर्भातील पत्रांच्या प्रती. २) खासगी डॉक्टरांची चिठ्ठी. ३) शेवंतीचा फोटो, समोरून, शिंगे नसल्याचे दिसेल असा.