अश्विनीचा खाली आलेला वक्र

मंगळवार, संध्याकाळ

आज बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा. पाणी, ॲसिटिक ॲसिड, क्लोरोफॉर्म. मिश्रण गढूळ झालं की त्रिकोणी आलेखात बिंदू मांडायचा. सगळ्यांनी पुस्तकातला वक्र आधी काढला, बिंदू मागाहून त्यावर बसवले. एकट्या अश्विनीने थेंब थेंब टाकून खरे बिंदू मांडले. तिचा वक्र पुस्तकातल्यापेक्षा खाली आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचेच मार्क कापले!

मी म्हटलं, "अहो सर, पुस्तकातला वक्र पंचवीस अंश तापमानाचा. आमची लॅब मार्चमध्ये भट्टी असते. गरमीत द्रव जास्त मिसळतात, वक्र खालीच येणार."

चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मॅडम, पोरं हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसणार. कशाला डोकं शिणवता?"

तो खाली आलेला वक्र डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या अश्विनी विचारेल, "माझं काय चुकलं?" काय सांगू? तू फ्लास्ककडे बघत बसलीस गं, बाकीच्यांनी पुस्तकाकडे बघितलं.