छऱ्याच्या बंदुकीतला धूर

बाबा, जत्रेत फुगे फोडणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट पाहिलेली असते, पण तिचे नवल फारसे कोणी करत नाही. छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते. नळी मध्यावर मोडायची, त्याच तरफेने आतली स्प्रिंग दबते. छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. सुटलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि दट्ट्यापुढची हवा छऱ्याला बाहेर फेकते. आत केवळ हवा. मग कधीकधी नळीच्या तोंडाशी निळसर धूर का तरंगतो, आणि जळक्या तेलाचा वास कुठून येतो?

याचे उत्तर तुम्ही मला सायकलच्या पंपावर दिले होते. पंपाचे तोंड मला अंगठ्याने दाबायला लावलेत आणि स्वतः दट्ट्या भराभर हाणलात. पंपाचे बूड चटका बसावा इतके तापले. हवा एकदम दाबली की तापते. तिच्या वाटेत तेल असेल तर ते पेटते, डिझेलच्या इंजिनात पेटते तसे. त्या पेटण्याने छऱ्याला जादा धक्का बसतो, पण दर वेळी वेगळा, म्हणून एक छर्रा वर जातो आणि दुसरा खाली. आवाज मोठा होतो, अडाणी माणूस खूश होतो, आणि आतला वॉशर व स्प्रिंग मात्र गोळीगणिक मरत जातात. हे सगळे मी पुढे ठाण्याच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षे शिकवले. एवढे सविस्तर अशासाठी लिहितो आहे, की मला हे माहीत नव्हते असे म्हणायची सोय उरू नये.

डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्या मला आजही दिसतात. मोहने गावातल्या कारखान्यात आठवडाभर फिटरकी करून तुम्ही रविवारी दुपारी, आईने ओटा पुसला की त्यावर वर्तमानपत्र पसरता. लाकडी चौकटीचा घरगुती शिकंजा लावून आपल्या छऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग सावकाश मोकळी करता. चामड्याचा वॉशर बशीत तेलात भिजत घालता, फुगला की फडक्यात पिळून काढता आणि मगच बसवता. एकदा मी शिकंज्याशिवाय पिन ठोकली, तेव्हा स्प्रिंग उडून दुधाच्या पातेल्याला पोचा आला होता. तुम्ही हात उगारला नाहीत. म्हणालात, "आधी बघ, मग हात लाव. बोलायचं सगळ्यात शेवटी."

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला आईने पाटावर विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री मांडली आणि शेजारी तुमची बंदूक ठेवली. "त्यांच्या बंदुकीलाही तेल पाज रे," ती म्हणाली. तुम्ही होतात तेव्हा दस्त्याला नुसते हळदकुंकवाचे बोट लावत होतात, आत तेल कधी घातले नाहीत. मी समईच्या तेलातले चार थेंब दट्ट्याच्या भोकात, नळीत हवा जिथून येते तिथे, सोडले. पुढे आईही गेली. प्रथा मात्र राहिली, आणि चार थेंबांचा चमचा कधी झाला ते कळले नाही. चामडे होते तोवर ते बरेचसे तेल पिऊन टाकत असे.

मागच्या श्रावणात ते चामडे अखेर फाटले. माझ्या हातांना आता शिकंजा झेपत नाही, म्हणून बंदूक शीळफाट्याच्या एका कारागिराकडे दिली. स्कूटर गॅरेजांच्या रांगेत त्याचा पत्र्याचा गाळा आहे. त्याने नवी स्प्रिंग घातली, चामड्याच्या जागी प्लास्टिकचा वॉशर बसवला, आणि बंदूक हातात देताना म्हणाला, "काका, आता आत तेल नको हां. चामडं नाय राहिलं. कोरडीच ठेवा." यावर मी त्याला वंगणशास्त्रावर पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. त्याने ते ऐकून घेतले आणि चहा मागवला.

त्यानंतर खंडेनवमी आली. मी चमचा रिकामा केला.

पुढच्याच रविवारी बाळकुमच्या आमच्या नेमबाजी क्लबात पहिली गोळी फटाक्यासारखी वाजली. धूर निघाला. एक छर्रा वर, एक खाली, आणि सहाव्या गोळीला आत काहीतरी तुटले. तो कारागीर योगायोगाने तिथेच होता. क्लबच्या सगळ्या बंदुका त्याच्याकडे दुरुस्तीला जात, आणि त्या पोहोचवायला तो आला होता. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "ही दुरुस्ती नाही, ही घाण आहे. आत ग्रीस थापून ठेवलंय याने."

"काका, ग्रीसचं बोट पण नाय लावलेलं मी आत."

एक सभासद हसून म्हणाले, "अरे, सरांनी जन्मभर हेच शिकवलंय. तू त्यांना सांगणार?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "बरोबर आहे. शिकलेली माणसं. ती बोलली म्हणजे झालं." एवढे बोलून त्याने पिशवी उचलली. क्लबने त्याला पुन्हा बोलावले नाही.

दोन आठवड्यांपूर्वी शेजाऱ्याच्या मदतीने मी बंदूक खोलली. दट्ट्याच्या घरात काळपट, चिकट राड होती. फरसाणवाल्याच्या कढईच्या तळाशी साचते तशी, खवट वासाची. ती बोटाला लागली आणि साबणाने दोनदा धुऊनही वास गेला नाही. ग्रीसचा मागमूस नव्हता. प्लास्टिकच्या वॉशरची कड करपली होती. त्या माणसाचे काम स्वच्छ, मापात आणि तुमच्या तोडीचे होते. घाण तेवढी माझी. मला शिसारी आली, पण त्या राडीपेक्षा अधिक मला त्या रविवारचा माझाच आवाज आठवून आली. ते सभासद हसले तेव्हा मला बरे वाटले होते, बाबा. किळस येते ती त्या बरे वाटण्याची.

खरे तर बंदूक खोलायचीही गरज नव्हती. छर्रा न घालता नळी मोडावी, ती एका हाताने घट्ट धरून ठेवावी, आणि काडीला गुंडाळलेला कापूस दट्ट्याच्या भोकात फिरवावा. कापूस कोरडा किंवा ग्रीसने माखून निघाला तर दुरुस्ती करणाऱ्याला जाब विचारावा. तेलाने पिवळा निघाला तर तेल घालणाऱ्याला. दोन मिनिटांचे काम आहे, कोणालाही करता येईल. क्लबात प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस होता.

गेले दोन रविवार गुडघ्याचे निमित्त सांगून मी बाळकुमला गेलेलो नाही. हे पत्र तर कुठे टाकायचे नाहीच. ज्याला हे लिहायला हवे तो जिवंत आहे, शीळफाट्याला बसतो, आणि त्याचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहिणे सोपे होते, म्हणून तुम्हाला लिहिले.