नावं जागच्या जागी, मार्क वर-खाली

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमची आठवण मी मुद्दाम कधी काढली नाही. काढावी असं तुम्ही काही करून ठेवलं नव्हतं. पण परवा आमच्या क्लासच्या मालकांनी तुमचंच वाक्य तुमच्याच सुरात म्हटलं, म्हणून लिहायला बसले.

मी आता लातूरला एका खाजगी क्लासमध्ये आहे. अकरावी-बारावीचा ऑनलाइन कोर्स चालतो, गावोगावची पोरं मोबाइलवर शिकतात, आणि त्यांची हजेरी, मार्क सगळं मी कॉम्प्युटरवर एका शीटमध्ये सांभाळते. एका कॉलममध्ये नाव, शेजारी मार्क. मालकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बोट घातल्याशिवाय राहवत नाही. मी सुट्टीवर होते तेव्हा त्यांनी पहिला नंबर वर दिसावा म्हणून नुसता मार्कांचा कॉलम निवडला आणि जास्तीकडून कमीकडं लावून टाकला. नावं जागच्या जागी राहिली, मार्क तेवढे हलले. नावं अ, आ, इ अशी लावलेली, त्यामुळं अ-वाली पोरं हुशार ठरली आणि शेवटची सगळी ढ. खालच्यांना लगेच 'कच्च्या बॅच'मध्ये टाकलं, आईबापांना मेसेजही गेले. भल्या पगाराच्या एकाही मास्तरला संशय आला नाही. येणार कुठून? पलीकडं कोण बसलंय हेच त्यांना ठाऊक नसतं. फळ्याकडं बघून बडबडायचं आणि गाडीत बसायचं, याला ते शिकवणं म्हणतात.

मग हदगावहून एका पोरीच्या बापाचा फोन आला. स्टँडजवळ पंक्चरचं दुकान आहे त्याचं. "म्याडम, पोरगी परवापासून जेवून न्हाई राहिली. मला येतच न्हाई म्हणती, कोर्स बंद करा. तिचे चुलते बी तेच म्हनून राहिले, पोरीला कशाला मोबाइल. मी काय करू, तुमीच सांगा."

मी शीट उघडली. पोरीचं नाव ह वरून, म्हणजे सगळ्यात खाली. जुनी प्रत काढून पाहिली तर पोरगी वरच्या पाचात. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "दुरुस्त करा, पण घरी कुणाला कळवू नका, क्लासची इज्जत जाईल. अन् बिघडलं काय? घाबरून अभ्यासच केला असंल की."

अहमदपूरच्या शाळेत तुम्ही मार्कांप्रमाणं बाकावर बसवायचात. सहामाहीला माझ्या गणिताच्या पेपरची बेरीज तुम्ही चुकवलीत, एक अख्खं पान धरलंच नाही, आणि मला मागच्या बाकावर पाठवलंत. माय पेपर घेऊन तुमच्या घरी आली. मी तिच्या मागं उभी. तुम्ही चहा पिताय, उठत नाही, तिला बस म्हणत नाही. "बसली मागं तर बिघडलं काय? अभ्यास तर केला ना." मार्क वाढवलेत, बाक मात्र बदलला नाहीत. बदलला असता तर गणिताच्या मास्तरची बेरीज चुकली हे वर्गाला कळलं असतं. अख्खं गाव तुम्हाला देवमाणूस म्हणायचं आणि मी ते ऐकत वर्ष संपेपर्यंत मागं बसले. फार हलका माणूस होतात तुम्ही.

मी मालकांच्या समोरच हदगावला फोन लावला. "दादा, तुमची पोरगी वरच्या पाचात आहे. चूक आमची झाली."

तो म्हणाला, "हे तिलाच सांगा म्याडम, माझ्यावर न्हाई इस्वास बसायचा तिचा."

त्यानं पोरीला फोन दिला. मी परत तेच म्हणाले, चूक आमची झाली. ती नुसती रडली. मग बाकीच्या सगळ्या घरी फोन केले. मालक तोंड वाकडं करून उठून गेले. नोकरी राहते की जाते, बघू. चूक आमची झाली एवढं म्हणायला जीभ झिजत नाही, सर.

हे पत्र टाकणार तरी कुठं? फाडूनच टाकीन. फक्त एक सांगते. तुमच्या शोकसभेला मी आले होते. आपल्याच वर्गात होती. पुढचे बाक रिकामे होते, लोक पुढं या म्हणत होते. मी सरळ मागं गेले आणि माझ्या त्याच बाकावर बसले.