मोजा काढायला सांगितला नाही

३ मार्च

चि. मधलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका परीने बरंच झालं. नाहीतर माझं अक्षर वाचायची शिक्षा तुला कोण देणार होतं?

आमच्याकडे सगळे ठीक आहेत. माझ्या उजव्या पायाने मात्र असहकार पुकारला आहे. करंगळीपाशी बूट लागून जखम झाली होती, ती काही केल्या भरत नाही. दुखतं म्हणशील तर मुळीच नाही, तुझी वहिनी पट्टी बदलते तेव्हा चिमटा काढला तरी कळत नाही. ती म्हणते हेच वाईट. साखर असलेल्या माणसाने पायाला जपावं, असं तिने कुठंतरी वाचलंय आणि आता ती मला वाचून दाखवते आहे.

दवाखान्यात तीनदा जाऊन आलो. थोरले डॉक्टर होते तेव्हा गोष्ट वेगळी होती, ते आधी माणसाला बघायचे. आता त्यांचा मुलगा बसतो. तो संगणकाकडे बघतो, संगणक माझ्याकडे बघतो. मी मोजा काढायला वाकलो की राहू द्या, कळलं म्हणतो आणि तेच मलम लिहून देतो. मोज्यातून काय कळतं ते त्यालाच ठाऊक.

पण आता मजा आहे. या महिन्यात वरून माणसं येणार आहेत, दवाखान्यात रोग्यांची नीट काळजी घेतात की नाही ते तपासायला. दारावर तशी सूचना लागली आहे. कोणत्या दिवशी येणार ते आम्हा रोग्यांना सांगत नाहीत. मी आपल्या धाकट्या चिमणीला सांगून ठेवलंय, त्यांना एकदा मला विचारू दे, मी बोलणार. सगळा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला, तपासणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. चिमणी हसली आणि म्हणाली, दादा, तू आलास की आमच्या काउंटरवरच्या पेनांनासुद्धा घाम फुटतो. आपली चिमणी त्या काउंटरवर राणीसारखी बसते, बघायला ये एकदा.

दोन आठवड्यांनी गुरुवारचा नंबर आहे. या वेळी मोजा काढूनच आत जाणार.

तुझा दादा

९ मार्च

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा वाचलं. जखम भरत नाही हे तू तीन ओळींत उरकलंस आणि तपासणीवर पानभर लिहिलंस. सगळा जन्म दुसऱ्यांची तिकिटं बघितलीस, आता जरा स्वतःच्या पायाकडे बघ.

बोलायचं ते बोल, पण आवाज खाली ठेवून. तुझा आवाज चढला की समोरचा चुकलेला असला तरी लोक तुझ्याकडेच बघतात. आणि चिमणीचा विचार कर. तिला तिथे लागून इतकी वर्षं झाली, थोरले डॉक्टर गेल्यावर ती त्या मुलाचं ऐकून घेते आहे, आपल्याला सांगत नाही एवढंच. मला वाटतं तू तिलाच का नाही सांगत? ती आत जाऊन म्हणेल, माझ्या भावाचा पाय बघा. बहीण काउंटरवर असून आपण रांगेत का मरायचं?

माझे कान तसेच, सूनबाई तशीच. वहिनीला नमस्कार. पायाचं लगेच कळव. आमच्यावर लोभ आहेच, तो रागाच्या भरात खर्च करू नकोस.

तुझी मधली

१३ मार्च

चि. मधलीस अ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. चिमणीला पाय दाखवला नाही, पण सगळं सांगितलं. आणि बघ, काल तिचा आपणहून फोन आला. गुरुवारी डॉक्टर प्रशिक्षणाला बाहेरगावी आहेत, उगाच हेलपाटा नको, पुढच्या गुरुवारी ये, त्या दिवशी निवांत बघतील, मी स्वतः सांगून ठेवलंय म्हणाली. फोन ठेवल्यावर मी वहिनीला म्हटलं, चिमणीला किती काळजी आहे बघ. वहिनी म्हणाली आठवडा फार होतो. मी म्हटलं, घरचं माणूस सांगतंय.

बाकी क्षेम. लोभ तुझ्याकडे भरपूर साठला असेल, थोडा इकडे पाठव.

तुझा दादा

११ एप्रिल

चि. मधलीस अ. आ.

वहिनीने तुला कळवलंच आहे. मी दोन पत्रं लिहून फाडली. पायाची दोन बोटं गेली. ‘पुढचा गुरुवार’ यायच्या आधीच ताप भरला आणि मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोजा काढला. इतके दिवस हे कोण बघत होतं, असं त्यांनी विचारलं.

पण लिहायचं ते हे नाही. शेजारची शिवणकामवाली मला भेटायला आली होती. बिचारी भोळी, धीर द्यायला म्हणून दवाखान्याचं कौतुक करू लागली. म्हणाली, तुमच्या चिमणीने त्या गुरुवारी मला मुद्दाम फोन करून बोलावलं, काही होत नसताना. तपासायला आलेली माणसं खोलीतच बसली होती. डॉक्टरांनी मला चपला काढायला लावल्या, एकेक बोट दाबून विचारलं, इथे कळतं का, इथे कळतं का. इतक्या मायेने मला घरातसुद्धा कुणी बघत नाही.

मधले, तिला ना साखर, ना जखम. तिचे धडधाकट पाय त्याने बघितले. त्याला येत होतं. पाय कसा बघायचा ते त्याला सगळं येत होतं.

आणि तो बाहेरगावी नव्हता. बस चालवणारे समोरून येणाऱ्या गाडीला दिव्यांची उघडझाप करून सांगायचे, पुढे तपासनीस उभा आहे म्हणून. तसं इथे झालं, आणि दिवा माझ्या बहिणीच्या हातात होता. तिने केसाने गळा कापला. मी एवढ्या लोकांची तिकिटं बघितली, घरच्यांचं कधी मागितलं नाही.

मी वरच्या कचेरीला तक्रार लिहिली आहे. तू मध्ये पडू नकोस.

दादा

२० एप्रिल

ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या भावाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तू फोन उचलत नाहीस, वहिनी दारातूनच बोलते, म्हणून हे पेटीत टाकते आहे.

तपासणीआधी डॉक्टरांनी मला यादी करायला सांगितली नाही, नुसतं विचारलं, कटकट करणारे कोण कोण आहेत. तुझं नाव त्यांनीच घेतलं. म्हणाले, ताशेरे ओढले गेले तर दवाखाना बंद होईल आणि या भागातल्या म्हाताऱ्यांना दुसरा कोण आहे? मला पटलं. खरं सांगायचं तर माझीही भीती होतीच, या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार? तू त्यांच्यासमोर आवाज चढवशील, आणि नंतर सगळे माझ्याकडे बघतील. एका आठवड्याने काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं.

पाय एवढा वाईट आहे हे मला माहीत नव्हतं. पण मीही कधी मोजा काढ म्हटलं नाही, हे मला रोज टोचतं. तू बोलत होतास तेव्हा मी फोन घेत होते.

तपासणीत दवाखान्याला उत्तम शेरा मिळाला. तो मी भिंतीवर लावला. आता त्याच्याखाली बसते. तुझ्या तक्रारीवर चौकशी आली आणि माझं नाव विचारलं तर सांग. मी आड येणार नाही. पण माझ्याशी बोल, दादा. रागावून बोललास तरी चालेल.

तुझी चिमणी

२ मे

सौ. चिमणी यांस स. न. वि. वि.

पत्र पोचलं. चौकशीसाठी आलेल्या बाई काल घरी येऊन गेल्या. मी त्यांना पाय दाखवला. त्यांनी पुष्कळ वेळ बघितला, मग सगळं पहिल्यापासून विचारलं. नंबर पुढे ढकलायचा फोन कुणी केला, असं विचारलं तेव्हा तुझं नाव सांगितलं. ते करायला कुणी लावलं तेही सांगितलं, आणि ते आधी सांगितलं. नोकरीत मी भाड्यापायी अडलेल्या म्हाताऱ्यांनाही सोडलं नव्हतं, तुला सोडलं असतं तर त्यांचा अपमान झाला असता. तुझ्या जागेचं काय होईल ते मला माहीत नाही. वाईट व्हावं असं वाटत नाही, एवढं खरं आहे म्हणून लिहितो.

डॉक्टरवर माझा राग आहे. तो मी तक्रारीत लिहून मोकळा झालो. तुझं तसं होत नाही. तो माझा कोणी नव्हता, त्याने बाहेरगावी असल्याचं सांगितलं असतं तर मी दवाखान्यासमोर जाऊन खिडकीतून डोकावलो असतो. तू सांगितलंस म्हणून मी घरी पाय वर करून बसलो. तुझा फोन ठेवला तेव्हा वहिनीला काय म्हणालो होतो, ते तिला विचार. ती मला अजून त्यावरून काही बोललेली नाही.

माझी औषधं आता शिवणकामवाली आणेल. आमच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे, ती तिच्याजवळ दे.

वहिनीने तुला आशीर्वाद लिहायला सांगितले आहेत, म्हणून लिहिले. ते तिचे आहेत.

दादा