डबा नष्ट केला, सही माझी

४ मार्च, सोमवार. दुपारी २
आजपासून शिस्त. कॅन्टीन सुपरवायझरचं कामच मुळी शिस्तीचं. नियम साधा आहे. रोजच्या प्रत्येक पदार्थाचा एक डबा तारखेची चिठ्ठी लावून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचा, कुणी आजारी पडलं तर तपासायला. मुदत संपली की तो मी नष्ट करायचा, चिठ्ठी रजिस्टरात चिकटवायची, पुढे वेळ, ‘नष्ट केला’ आणि सही. आमची स्वयंपाकीण, मावशी, अकरा वर्षं इथे आहे, पण हल्ली हे डबे शिगोशीग भरते. नमुन्याला दोन चमचे पुरतात. बोलायला हवं.

सकाळी फ्रिज आतून कोमट लागला. शनिवारी टेबलफॅनसाठी त्याचा प्लग काढला होता, तो तसाच राहिला. लगेच लावला. प्रसंगावधान.

गुरुवारचं चिकन १.१० ला नष्ट केलं. अन्न कचऱ्यात टाकणं माझ्याच्याने होत नाही. किंचित आंबूस होतं. मग सगळ्यांबरोबर जेवलोही.

५ मार्च, मंगळवार. सकाळी ७
पहाटेपासून सात वेळा. कारण उघड आहे. मावशीची कालची भाजी. फोन करून विचारलं, तर तीच भाजी खाऊन एकशे चाळीस कामगार ठणठणीत आहेत म्हणे. त्यांची पोटं दगडाची, माझं पहिल्यापासून हळवं.

हिने विचारलं, काल आणखी काय खाल्लं होतं. म्हटलं, काही नाही. डॉक्टरकडे चला म्हणाली. गरज नाही. आज दिवसभर फक्त मीठ-साखरेचं पाणी. ठरलं म्हणजे ठरलं.

९.३०. एक पाव, कॉफी. भूक लागणं हे चांगल्या प्रकृतीचं लक्षण आहे.

९.४०. नाही.

६ मार्च, बुधवार
मॅनेजर मॅडमना लेखी तक्रार दिली. व्यक्तिगत राग नाही, हेही लिहिलं. मॅडमनी मावशीला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. शनिवारी निकाल. दोष सिद्ध झाला तर तिला काढतील. जाताना तिने ॲप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि मला तब्येत विचारली. ढोंग.

माझ्या टेबलापासून संडास बत्तीस पावलं. धावत सतरा.

७ मार्च, गुरुवार
सकाळी १०. थांबलं! दीड तास काही नाही. मनोबल.

१०.२०. मनोबलाबद्दलचं वाक्य घाईत लिहिलं.

मावशी नाही, म्हणून कॅन्टीनमध्ये बाहेरून जेवणाची पाकिटं येतात. लोक माझ्याकडे बघत चावतात. सोमवारच्या सगळ्या जेवणाचे नमुने तपासून आले, म्हणे निर्दोष. हल्ली तपासणारेही कसले असतात.

उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. ही म्हणते जीभ कोरडी पडलीय, लघवीही होत नाहीये, हट्ट सोडा. म्हटलं, चौकशी झाली की जाऊ. पाणी प्यायलो. दोन घोट. जास्त प्यायलं की जास्त जावं लागतं, हा हिशेब हिला कळत नाही.

८ मार्च, शुक्रवार
रजेवर. गादीवर पडून उद्याचे तीन मुद्दे पाठ केले. स्वच्छता. हलगर्जीपणा. तत्त्व.

दुपारी एकदम आठवलं, रिकामे डबे धुते मावशीच. मनात एक विचार आला. तो लिहीत नाही. तिन्ही मुद्दे पुन्हा पाठ केले.

९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५
दाराजवळची खुर्ची धरली होती. पहिला मुद्दा मांडताना कळ आली. दुसरा येऊन मांडला. तिसरा राहिला, कारण आणखी एकदा जाऊन परतलो तेव्हा मॅडमच्या पुढ्यात माझं रजिस्टर उघडं होतं. त्यांनी विचारलं, हे सगळे डबे बरोबर जेवणाच्या सुट्टीतच कसे नष्ट होतात? म्हटलं, वेळेचं नियोजन.

मग त्यांनी मावशीला विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “टाकून दिलेल्या डब्यात चमचा नसतो, मॅडम. साहेबांचे डबे चाटूनपुसून यायचे, चमच्यासकट.”

मॅडम म्हणाल्या, मग इतके दिवस सांगितलं का नाही?

“वाटलं, घरी काही अडचण असेल. माणूस असं उगाच खातं का? म्हणून नमुन्यात चार घास जास्त घालत होते.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उठायला गेलो आणि खाली बसलो, खुर्ची नसलेल्या ठिकाणी.

आता दवाखान्यात, हाताला सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, सोमवारी नेमकं काय काय खाल्लं. ही शेजारीच उभी होती. सांगितलं. फॅनच्या प्लगचंही सांगितलं. ही खिडकीकडे बघत राहिली.

मावशी सोमवारपासून कामावर. माझं काय ते मॅडम कळवणार आहेत.

६.१५. मावशी खाली डबा ठेवून गेली, वर आली नाही. मऊ भात. झाकणावर आजची तारीख चिकटवली आहे. आत चमचा.